काल चालत होतं, आज नाही: दोन कॉम्प्युटर थेट केबलने जोडल्यावर फाइल शेअरिंग पुन्हापुन्हा का बंद पडतं

घरात एक डेस्कटॉप, एक लॅपटॉप आणि मध्ये एक लॅन केबल. राउटर नाही, स्विच नाही. केबलचं एक टोक इकडे, दुसरं तिकडे. एवढ्या साध्या जोडणीत बिघडायला जागा ती किती, असं मला वाटायचं. निघाली भरपूर.

डेस्कटॉपच्या मोठ्या हार्ड डिस्कवर घरातले सगळे फोटो असतात आणि लॅपटॉपवरचे नवे फोटो तिकडे टाकायचे, एवढंच काम होतं. पहिल्या दिवशी फोल्डर शेअर केला, लॅपटॉपवरून उघडला, फोटो गेले. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप म्हणाला, नेटवर्क पाथ सापडत नाही, एरर कोड ०एक्स८००७००३५. डेस्कटॉपवर जाऊन फोल्डरचं शेअरिंग काढलं, पुन्हा दिलं, थोडी खुडबूड केली, चाललं. मी मनात नोंद केली: शेअरिंग काढून परत द्यायचं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी तो उपाय चालला नाही, म्हणून वर्कग्रुपचं, म्हणजे विंडोजमधल्या कॉम्प्युटरांच्या गटाचं, नाव बदलून पाहिलं, रीस्टार्ट केलं, चाललं. नवी नोंद: वर्कग्रुप. त्यानंतर केबल उलटी करून लावणं हाही उपाय झाला. हसू नका, त्या दिवशी तोही ‘लागू’ पडला होता.

सगळ्या उपायांत एक गोष्ट समान होती आणि ती माझ्या लक्षातच येत नव्हती. दर वेळी काहीतरी बदलल्यावर, लॅपटॉप दिसतो का हे बघायला मी डेस्कटॉपवर एक्सप्लोररमधलं ‘नेटवर्क’ उघडायचो. तिथे वर पिवळी पट्टी यायची, नेटवर्क डिस्कव्हरी बंद आहे, चालू करायला इथे क्लिक करा. मी सवयीने क्लिक करायचो, पुढच्या प्रश्नातला पहिला पर्याय निवडायचो आणि विसरून जायचो. खरं काम तो पहिला पर्याय करत होता. त्यात लिहिलेलं असतं, की हे नेटवर्क प्रायव्हेट करा. बाकी माझी सगळी मेहनत शोभेची.

थेट जोडणीचं खरं दुखणं

विंडोज प्रत्येक नेटवर्कला दोनपैकी एका खात्यात टाकतं, पब्लिक किंवा प्रायव्हेट. प्रायव्हेट म्हणजे घरचं, तिथे फाइल शेअरिंगला फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी विंडोजची भिंत, वाट देते. पब्लिक म्हणजे परकं, तिथे बाहेरून येणारी शेअरिंगची विनंती फायरवॉल मुकाट्याने टाकून देते. हे चांगलंच आहे. लॅपटॉप घेऊन कुठल्याही वाय-फायवर बसलात तर तुमचे फोल्डर कुणाला दिसू नयेत.

पण ‘हे तेच कालचं नेटवर्क’ हे विंडोज ओळखतं कशावरून? मुख्यतः गेटवेवरून, म्हणजे राउटरवरून. दोन कॉम्प्युटरांच्या मध्ये नुसती केबल असेल तर गेटवे नसतोच. मग विंडोज त्याला ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ म्हणतं आणि सावधगिरी म्हणून पब्लिकमध्ये टाकतं. तुम्ही हाताने प्रायव्हेट केलंत तरी त्या निवडीला धरून ठेवायला ओळखच नाही, त्यामुळे पुढच्या खेपेला पुन्हा पब्लिक.

ही पुढची खेप थेट जोडणीत फार लवकर येते. राउटरला जोडलेल्या कॉम्प्युटरला, दुसऱ्या खोलीतला कॉम्प्युटर बंद झाला तरी पत्ताही लागत नाही. त्याची केबल राउटरच्या पोर्टात जिवंत असते. आपल्याकडे मात्र लॅपटॉप बंद केला की डेस्कटॉपच्या दृष्टीने कुणीतरी केबलच उपटली. सकाळी लॅपटॉप चालू केला की केबल ‘नव्याने’ लागली, नेटवर्क नव्याने तपासायचं, आणि निकाल पुन्हा तोच. त्यामुळे ‘काल चालत होतं’ ही तक्रार राउटरवाल्यांपेक्षा आपल्याकडे जास्त.

तुमचीही तक्रार रोज किंवा रीस्टार्टनंतर उगवणारी असेल, तर आधी ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर शेअर केलाय त्याच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, मग इथरनेट उघडा आणि पब्लिक आहे की प्रायव्हेट ते बघा. पब्लिक दिसलं तर खालचा केबल आणि पत्त्याचा भाग वरवर चाळून ‘कायमचा उपाय’ गाठा. पण कधीच चाललं नसेल, पहिल्यापासूनच अडलं असेल, तर खालून वर क्रमाने चला.

केबल आणि दिवे

पोर्टाजवळचे छोटे दिवे बघा. दोन्ही कॉम्प्युटर चालू असताना दोन्हीकडे दिवा हवा. दिवाच नाही, तर सॉफ्टवेअरमध्ये काहीही करू नका, वेळ वाया जाईल. केबल बदलून बघा, क्लिप तुटलेली नाही ना बघा, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्ड डिसेबल तर नाही ना तेही.

‘थेट जोडायला क्रॉसओव्हर केबलच लागते’ हा सल्ला अजून फिरतो. एके काळी तो अगदी खरा होता. १०० एमबीपीएसच्या जुन्या कार्डांत पाठवायची जोडी आणि घ्यायची जोडी ठरलेली असे, त्यामुळे एका टोकाला केशरी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल केलेली केबल लागायची. गिगाबिट कार्डांत ही अदलाबदल कार्ड स्वतःच करतं, आणि दोनपैकी एका टोकाला जरी असं कार्ड असलं तरी साधी केबल पुरते. दोन्ही कॉम्प्युटर फारच जुने असतील तरच क्रॉसओव्हरचा विचार करा.

दोन्ही बाजूंना साधी टोकं असलेली यूएसबी केबल मात्र दोन कॉम्प्युटरांत लावू नका. त्याने नेटवर्क तर होत नाहीच, वर दोन्ही बाजूंचा पाच व्होल्टचा पुरवठा समोरासमोर येतो. मधोमध चिप असलेली खास ब्रिज केबल वेगळी, ती चालते.

पत्ता

दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत. इथरनेटच्या खाली १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला की लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही. पत्ता वाटणारा राउटर न सापडल्यामुळे कॉम्प्युटरने स्वतःच स्वतःला घेतलेला तो पत्ता आहे, आणि दोन्हीकडे तसाच असेल तर शेअरिंग चालू शकतं. गडबड होते ती एकाकडे १६९.२५४ चा आणि दुसऱ्याकडे हाताने भरलेला १९२.१६८ चा असतो तेव्हा. दोघं वेगवेगळ्या गल्लीत उभे राहून एकमेकांना शोधत बसतात.

तरी मी पत्ते हातानेच भरतो. एक तर ते बदलत नाहीत. दुसरं, आपोआप पत्त्यात कॉम्प्युटर आधी राउटरची वाट बघत बसतो, मग नाइलाजाने १६९.२५४ घेतो, तोवर तुम्ही फोल्डर उघडून एरर बघून वैतागलेले असता. माझ्याकडे लॅपटॉप १९२.१६८.५०.१, डेस्कटॉप १९२.१६८.५०.२, दोन्हीकडे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे आणि डीएनएसच्या चौकटी रिकाम्या.

गेटवे रिकामा ठेवणं महत्त्वाचं आहे, कारण याच जागी एक चलाख सल्ला भेटतो: गेटवेमध्ये समोरच्या कॉम्प्युटरचा पत्ता टाका, म्हणजे विंडोजला ओळख पटते आणि नेटवर्क प्रायव्हेट राहतं. ओळख पटते हे बरोबर. पण मग विंडोजला असंही वाटतं, की या केबलच्या पलीकडे इंटरनेट आहे. वाय-फायही चालू असेल तर इंटरनेटची मागणी केबलमधून बिचाऱ्या डेस्कटॉपकडे जाऊ लागते, आणि ब्राउझर गोल फिरत बसतो. एक दुखणं घालवायला दुसरं विकत घेणं झालं. मी हे केलेलं आहे. संध्याकाळभर वाय-फायच्या राउटरला शिव्या दिल्या, त्याचा काही दोष नव्हता.

मधला ५० हा आकडाही उगाच नाही. घरच्या वाय-फायचा पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने सुरू होतो. केबललाही तीच मालिका दिलीत तर समोरचा कॉम्प्युटर वाय-फायवर शोधायचा की केबलवर, हे विंडोजला नक्की ठरवता येत नाही. केबलसाठी वेगळी मालिका घ्या.

आणखी एक खड्डा: ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ कधी चालू केलं असेल तर विंडोज त्या कार्डाचा पत्ता परस्पर १९२.१६८.१३७.१ करून टाकतं. तुम्ही भरलेला पत्ता गायब झाला आणि १३७ दिसू लागला, तर भूतबाधा नाही, तो पर्याय कुठेतरी चालू आहे.

पिंग नीट वाचा

पिंग म्हणजे समोरच्या कॉम्प्युटरला ‘आहेस का?’ असं विचारणारी कमांड. इथे बहुतेक जण घाई करतात. लॅपटॉपवरून डेस्कटॉपला पिंग केलं, उत्तर आलं नाही, म्हणजे केबल खराब, असा निष्कर्ष काढून नवी केबल आणतात. उत्तर न येण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि त्यांचे अर्थही.

आधी दोन्हीकडचं वाय-फाय बंद करा. ते चालू असेल आणि केबलचा दुवा तुटलेला असेल तर पिंग वाय-फायच्या राउटरकडे जाऊन तिथेच हरवतं आणि तुम्हाला भलताच निकाल दिसतो. मग पिंग करा.

‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं आणि ‘रिप्लाय फ्रॉम’च्या पुढे तुमचाच स्वतःचा पत्ता दिसला, तर तुमच्या कॉम्प्युटरने केबलवर हाक मारली, पण पलीकडून कुणीच ओ दिली नाही. पत्ता चुकलाय, दुसरा कॉम्प्युटर झोपलाय किंवा केबल खरंच गेलीय.

‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर गोष्ट वेगळी. पलीकडचा आहे, पण पिंगला उत्तर देत नाही. पब्लिक नेटवर्कवर विंडोजची फायरवॉल नेमकं हेच करते. खात्री करायची तर पिंगनंतर लगेच ‘एआरपी’, स्पेस, डॅश, ए अशी कमांड द्या. यादीत डेस्कटॉपचा पत्ता आणि त्याच्यासमोर दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या दिसल्या, तर तो त्याच्या कार्डाचा कारखान्यातून आलेला क्रमांक आहे आणि तो केबलवरूनच इथवर आलाय. केबल, कार्ड, पत्ता तिन्ही ठणठणीत. आता संशय फक्त फायरवॉलवर.

या एका यादीने माझे सगळ्यात जास्त तास वाचवले आहेत. पिंग फायरवॉल अडवू शकते. एआरपीची, कार्डाचा क्रमांक विचारणारी हाक तिच्या खालून जाते, ती विंडोजची फायरवॉल अडवत नाही.

शेवटची चाचणी थेट शेअरिंगच्या दाराची. विंडोजमध्ये फाइल शेअरिंग टीसीपीच्या ४४५ नंबरच्या पोर्टवर चालतं. पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’, मग डेस्कटॉपचा पत्ता, मग डॅश पोर्ट आणि ४४५. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं की दार उघडं आहे आणि पुढचा घोळ पासवर्डचा किंवा परवानगीचा. ‘फॉल्स’ आलं की पुढे वाचा.

कायमचा उपाय

दोन वाटा आहेत, आणि मला दुसरी जास्त आवडते.

पहिली वाट प्रो आवृत्तीवाल्यांसाठी. लोकल सिक्युरिटी पॉलिसी उघडा, त्यात ‘नेटवर्क लिस्ट मॅनेजर पॉलिसीज’, त्यात ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क्स’, आणि लोकेशन प्रायव्हेट करा. यापुढे ओळख न पटलेलं प्रत्येक नेटवर्क प्रायव्हेट धरलं जाईल. ‘प्रत्येक’ या शब्दाकडे लक्ष द्या. जागेवरून न हलणाऱ्या डेस्कटॉपवर हे ठीक आहे. चार ठिकाणी फिरणाऱ्या लॅपटॉपवर मी हे करणार नाही.

दुसरी वाट होम आवृत्तीतही चालते. नेटवर्क पब्लिक राहू दे की प्रायव्हेट, आपण फायरवॉलमध्ये आपल्या केबलपुरती खिडकी ठेवायची. डेस्कटॉपवर ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी’ उघडा. डावीकडे इनबाउंड रूल्स, उजवीकडे न्यू रूल. प्रकार पोर्ट, टीसीपी, नंबर ४४५, अलाउ द कनेक्शन, तिन्ही प्रोफाइलवर (पब्लिक, प्रायव्हेट आणि ऑफिसच्या नेटवर्कांसाठीचं डोमेन) खूण, आणि नाव असं द्या की सहा महिन्यांनी तुम्हालाच कळेल. माझ्या नियमाचं नाव ‘केबलवाला लॅपटॉप’ आहे. इथवर केलंत तर दार सगळ्यांना उघडं झालं, म्हणून इथे थांबायचं नाही. नियमावर डबल क्लिक करून स्कोप या टॅबवर जा. लोकल आयपीमध्ये डेस्कटॉपचा १९२.१६८.५०.२ आणि रिमोट आयपीमध्ये लॅपटॉपचा १९२.१६८.५०.१, फक्त हे दोनच पत्ते भरा. आता विंडोजला नेटवर्कची ओळख पटो न पटो, या दोघांमधली वाट मोकळी आणि बाकीच्यांना बंद. पत्ते हाताने भरून घ्यायला वर सांगितलं, त्याचा उपयोग इथे होतो.

हे केल्यापासून माझी ती रोजची कटकट गेली. पिवळी पट्टी अजूनही कधीकधी दिसते, मी तिच्याकडे बघत नाही.

वेगळा अँटिव्हायरस टाकलेला असेल आणि त्याची स्वतःची फायरवॉल असेल तर हा नियम तिथे द्यावा लागेल. विंडोजचा नियम तिला लागू नाही. कोण अडवतंय हे शोधायला फायरवॉल दोन मिनिटं बंद करून बघण्यात काही गैर नाही, इंटरनेट तोडून. ‘चाललं, राहू दे अशीच’ हे मात्र नको.

‘नेटवर्क’मध्ये दिसत नाही

दिसलंच पाहिजे असं काही नाही. त्या खिडकीत कॉम्प्युटर दिसणं आणि त्याचा फोल्डर उघडणं या दोन निराळ्या यंत्रणा आहेत. दिसण्यासाठी दोन्हीकडे ‘फंक्शन डिस्कव्हरी’ची सर्व्हिस लागते, प्रायव्हेट नेटवर्क लागतं, आणि सगळं असूनही तिचा मूड लागतो. लॅपटॉपवर एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश आणि पुढे १९२.१६८.५०.२ टाकून एंटर मारा. फोल्डर उघडला की त्याचा शॉर्टकट लॅपटॉपच्या पडद्यावर करून ठेवा आणि ‘नेटवर्क’ विसरून जा. मी नावाऐवजी पत्ताच वापरतो. नावावरून शोधलं तर विंडोज कधी वाय-फायवरचा पत्ता उचलतं आणि केबल असून फाइल हवेतून जातात.

होमग्रुप, म्हणजे घरातल्या शेअरिंगची विंडोजची जुनी सोय, शोधत असाल तर तो विंडोज १० मधून २०१८ सालीच काढला गेलाय. वर्कग्रुपचं नाव दोन्हीकडे सारखं असण्याची सक्तीही पत्त्याने उघडताना नाही. माझी ती नावं बदलायची खटपट आठवली की अजून ओशाळायला होतं.

दोनपैकी एकावर विंडोज एक्सपी असेल तर अडचण वेगळी. एक्सपीला फक्त एसएमबी १ ही फाइल शेअरिंगची जुनी बोली येते आणि नव्या विंडोजने ती सोडून दिलीय. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबी १ मधल्या भोकातून. फीचर्समध्ये जाऊन ती परत चालू करता येते, पण जुना डेटा काढून घेईपर्यंतच, आणि तेवढा वेळ दोन्ही कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडून.

पासवर्ड मागतो आणि कुठलाच घेत नाही

दार उघडलं, आता रखवालदार. सर्वांत जास्त फसगत पिनची होते. कॉम्प्युटर चालू करताना जो चार-सहा आकडी पिन टाकता तो त्याच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. पासवर्डच लागतो. आणि ज्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नाही त्या खात्याने विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. रिकामा पासवर्ड फक्त समोर बसलेल्याला चालतो.

मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर यूजरच्या जागी पूर्ण ईमेल पत्ता आणि त्या खात्याचा पासवर्ड. पण त्या यंत्रावर कायम पिननेच लॉगिन केलं असेल तर बरोबर पासवर्डही नाकारला जाण्याचे प्रकार घडतात. एकदा लॉगआउट करून पिनऐवजी पासवर्डने आत आलं की बऱ्याचदा सुटतं.

मी या भानगडीत पडायचंच सोडून दिलं. डेस्कटॉपवर फक्त शेअरिंगसाठी एक लोकल खातं केलं, साध्या इंग्रजी नावाचं, स्टँडर्ड प्रकारचं, मजबूत पासवर्डचं. त्या खात्याने कुणी कधी बसत नाही. लॅपटॉपवर पासवर्डची चौकट आली की आधी डेस्कटॉपचं नाव, मग बॅकस्लॅश, मग या खात्याचं नाव. कॉम्प्युटरचं नाव लावलं नाही तर लॅपटॉप स्वतःचंच नाव चिकटवून पाठवतो. ‘लक्षात ठेवा’वर खूण केली की झालं. माझा मूळ पासवर्ड बदलला तरी शेअरिंगला धक्का नाही.

लक्षात ठेवलेलं चुकीचंही असू शकतं. आधी कधीतरी चुकीचा पासवर्ड साठवला गेला असेल तर विंडोज तोच पाठवत राहतं. कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन डेस्कटॉपच्या नावाच्या आणि पत्त्याच्या सगळ्या जुन्या नोंदी उडवा. एरर १२१९ आला तर तुम्ही आधीच दुसऱ्या खात्याने तिथे जोडलेले आहात. एकाच वेळी दोन ओळखी चालत नाहीत. लॅपटॉप रीस्टार्ट केला की पहिली ओळख सुटते.

‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा’ हा शॉर्टकट पूर्वी खपून जायचा. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रोमध्ये बिनपासवर्डची गेस्ट जोडणी मुळातच बंद आहे. अपडेटनंतर अचानक बंद पडलेल्या जुन्या जोडण्यांचं हे एक मोठं कारण. सुरक्षा सैल करण्यापेक्षा खातं करायला दोन मिनिटं लागतात.

उघडतं पण लिहू देत नाही

परवानग्या दोन ठिकाणी असतात, शेअरिंगच्या टॅबवर आणि सिक्युरिटीच्या टॅबवर, आणि दोन्हींपैकी जी कडक ती चालते. ॲडव्हान्स्ड शेअरिंगमधून फोल्डर शेअर केला तर विंडोज आपण होऊन ‘एव्हरीवन’ला फक्त वाचायची परवानगी देतं. तिथे आपलं शेअरिंगचं खातं जोडून ‘चेंज’वर खूण करा, आणि सिक्युरिटीमध्ये त्याच खात्याला ‘मॉडिफाय’. अख्खा सी ड्राइव्ह शेअर करू नका, एक वेगळा फोल्डर करा. शेअर केलेली डिस्क फॅट३२ असेल तर सिक्युरिटीचा टॅबच नसतो, आणि ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ती घेतही नाही. नेटवर्कला दोष देण्याआधी डिस्कच्या प्रॉपर्टीज बघा.

झोप

कॉपी अर्ध्यात तुटत असेल तर सहसा कुणीतरी झोपलेलं असतं. डेस्कटॉपचा कीबोर्ड-माउस कुणी हलवत नाही, म्हणून तो वेळ झाली की स्लीपमध्ये जातो. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा, निदान मोठी कॉपी चालू असताना. कार्डाचीही स्वतंत्र झोप असते: डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्ड, पॉवर मॅनेजमेंट, आणि ‘वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण काढा. लॅपटॉपवर तर नक्कीच काढा.

शेअर केलेल्या फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर देऊन मॅप केलेल्या ड्राइव्हवर सकाळी लाल फुली दिसत असेल तर ती बहुतेक निरुपद्रवी असते. लॉगिन होताना केबलचा दुवा अजून जुळलेला नसतो, एवढंच. डबल क्लिक केलं की जाते.

मॅक किंवा लिनक्स असेल तर

केबल, पत्ता आणि चाचण्या त्याच. मॅकवर फाइल शेअरिंग चालू करून त्याच्या ऑप्शन्समध्ये, ज्या खात्याने विंडोजवरून यायचं त्याच्यापुढे खूण करायची. ती राहिली की पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो. लिनक्सवर साम्बाचा, म्हणजे विंडोजसारखं शेअरिंग करणाऱ्या प्रोग्रामचा, पासवर्ड लॉगिनच्या पासवर्डपेक्षा वेगळा नोंदवावा लागतो. लॉगिनचा पासवर्ड घातला की चालेल असं समजून बरेच जण इथेच अडकतात.

चालतं, पण रडतखडत

इथरनेटच्या स्टेटसमध्ये स्पीड बघा. १.० जीबीपीएस दिसलं तर मोठी फाइल सेकंदाला साधारण ११० एमबीने जायला हवी, अर्थात दोन्हीकडची डिस्क तेवढी चपळ असेल तर. १०० एमबीपीएस दिसलं तर ११ च्या आसपास. ५० जीबीचे फोटो पहिल्या वेगाने आठ मिनिटांत जातात, दुसऱ्याने सव्वा तास.

दोन्ही कार्डं गिगाबिट असून १०० दिसत असेल तर केबल बघा. १०० ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार जरी सुटलेली असली तरी कार्डं तक्रार न करता १०० वर उतरतात. दिवे लागतात, पिंग जातं, फाइल उघडतात, फक्त सगळं दहापट हळू. माझ्या केबलची क्लिप तुटली होती आणि टेबल हललं की ती केसभर बाहेर यायची. वेग कधी ११०, कधी ११. तिला नवा प्लग बसवेपर्यंत माझे दोनदा ड्रायव्हर बदलून झाले होते.

आणि हजारो छोट्या फाइल असतील तर गिगाबिटवरही आकडा खालीच राहील, कारण प्रत्येक फाइलमागे उघड-बंदची देवाणघेवाण होते. त्या आधी एका झिपमध्ये बांधून पाठवा आणि पलीकडे सोडवा.